राजाचा अंगरखा

लोणीच्या जत्रेत देवापुढे हजेरी म्हणून होणारा तमाशा दुपारी असतो आणि कुस्त्यांच्या आधी उरकावा लागतो. गेल्या वर्षी तमाशा संपल्यावर फडाला मानाचा नारळ द्यायला मी स्टेजमागच्या तंबूत गेलो. कपडेपट सांभाळणारा म्हातारा पेटीपाशी बसला होता. सुई टोपीत खोचलेली, दोरा दातांत. सगळ्यांना नटवणाऱ्या या माणसाला तमाशा पडद्याआडून नुसता ऐकू यायचा.

"भाऊ, कापडं पुढून कशी दिसली?" त्याने विचारलं.

माझं स्टेजकडे लक्षच नव्हतं. पण वगात राजा असणारच, म्हणून ठोकून दिलं, "राजाचा अंगरखा तर एक नंबर!"

त्याने मांडीवरची घडी उलगडली. नवी जर लावलेला अंगरखा होता.

"राजा आलाच न्हाई, भाऊ. गावाचं सत्कार लई लांबलं, म्हून वग कापला."

त्या सत्कारांत माझाही होता. त्यातलाच फेटा माझ्या डोक्यावर सुटत चालला होता. म्हातारा उठला, अंगरख्याची टाचणी काढून त्याने माझा फेटा नीट टाचला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

"आता पुढून चांगलं दिसतंय," तो म्हणाला.