जयसिंगआबांनी ‘खा’ म्हणणं सोडलं

मुळशीतल्या उरवड्यात पंगत बसलीय आणि वाढायला जयसिंगआबा नाहीत, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, उपरणं कमरेला करकचून आवळलेलं, एका हातात बुंदीची बादली, दुसऱ्यात पळी. वय साठीच्या पुढं, पण बादली हातात आली की चाल पंचविशीतली. ओळीच्या त्या टोकाला त्यांची टोपी दिसली की या टोकाची अनुभवी माणसं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून बसतात. उपयोग शून्य! आबा हाक मारतात, “आमटी आण रं हिकडं, पावण्यांच्या हातावर वताय!” माणूस दचकून हात काढतो, आणि हात निघाला की बुंदी पडलीच.

“घ्या वो पावणं! ह्ये काय जेवान झालं? चिमनी सुदीक यापरास जास्त खाती!”

एका लग्नात नवरदेवाचा मामा अर्ध्या पंगतीतून उठून पळाला होता. आबा बादली घेऊन मागं. मामा नळावर हात धुवायला वाकला आणि धुतलेल्या ओंजळीत बुंदी घेऊनच सरळ झाला. ही गोष्ट आबा स्वतः सांगतात, दरवेळी नव्या आनंदानं.

आबांची अजून थोडी भातखाचरं आहेत. रस्त्याकडेच्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्यात, त्यातली एक माझी. मी करमाळ्याचा, इथल्या एका कारखान्यात स्टोअरला. जेवण आबांच्याच घरी. आबांनी माझं नाव कधी विचारलं नाही, गावच हाकेला घेतलं. “ए करमाळा, ताट रिकामं का दिसतंय?” ही माझी रोजची सांज.

तर असा हा माणूस. आख्ख्या पंचक्रोशीला खाऊ घालणारा. आणि त्याच्याच घरातली चार वर्षांची नात त्याच्या हातचा घास घेईना. घास सोडा, ताट घेतलेले आबा दिसले की ती पलंगाखाली!

दिशाचं जेवण ही घरातली रोजची मोहीम होती. तिची आई, शुभांगी, घास घेऊन पुढं. आजी, तुळजाबाई, मोबाइल धरून बाजूला. बाप, रोहित, दारात, म्हणजे पोरगी निसटायला नको. काऊचा घास व्हायचा, चिऊचा व्हायचा, शेवटी पोलिसाचाही व्हायचा. तासाभरानं सगळे घामाघूम आणि दिशाच्या पोटात दुधात बुडवलेली बिस्किटं. आबांची पद्धत याहून सरळ: धरायचं आणि भरवायचं. गेल्या साली हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात त्यांनी भर पंगतीत तिच्या तोंडात बुंदी कोंबली. पोरगी अशी किंचाळली की वाढपी जागच्या जागी थांबले. तेव्हापासून बादलीची कडी खुळखुळली तरी ती पळायची.

एकदा हात धुताना आबा मला म्हणाले, “माझी हाक ऐकून लोकं जेवाय बसत्यात, करमाळा. अन् माझी नात पळती.” मी काहीतरी गंमत करणार होतो. ती गिळून त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

मग शिमगा झाल्यावर एका सकाळी अंगणवाडीच्या शीतलताई दारावरून जाता जाता सहज म्हणाल्या, “दिशा खिचडी छान खाते हं आता.”

घरात बॉम्ब पडला!

“कोन? आमची दिशा?” तुळजाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. “आपल्या हातानं?”

“आपल्या हातानं. पोरांच्या घोळक्यात बसून.”

आबांनी चपला तरी घातल्या की नाही, देव जाणे. दुपारी अंगणवाडीच्या खिडकीला टोपी चिकटली. आत दिशा वाटीत चमचा घालून मजेत खात होती. आबांचा ऊर भरून आला असणार, कारण तोंडून “आरं वा!” निघालं. दिशानं वर बघितलं. खिडकीत टोपी! चमचा खाली, वाटी लांब.

शीतलताई बाहेर आल्या. “बघितलंत, आबा?”

“बघितलं,” आबा म्हणाले. इतका बारीक आवाज त्या नरड्यातून पहिल्यांदाच निघाला असेल.

ताईंनी तिथंच कडुलिंबाखाली सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं. सगळ्यांना एकच जेवण. मोबाइल बंद. तिच्या ताटलीत प्रत्येकातलं थोडं थोडं वाढायचं आणि पुढं एक शब्द बोलायचा नाही. “काय शिजवायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू दे.”

“अन् न्हाई खाल्लं तर?”

“तर नाही खाल्लं. पुढच्या जेवणाला भूक लागेल.”

“लेकराला उपाशी ठिवू?”

“आबा, तुम्ही फक्त तुमचं तोंड बंद ठेवा. तिचं आपोआप उघडेल.”

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हैन्यावर भंडारा हाय, ताई. तवा माझ्या शेजारी बसून जेवंल ती?”

“तुम्ही गप्प राहिलात, तर का नाही?”

झालं! आबांना दुसरं काही नकोच होतं.

पहिली अडचण दिशाची नव्हतीच. या घरात आधी बाप्ये जेवायचे. त्यातही आबा सगळ्यांत आधी, एकटे, पाटावर. मग रोहित आणि मी. शेवटी बायका, उरलंसुरलं निवांत. एकत्र बसायचं म्हटल्यावर तुळजाबाई पदर सावरत म्हणाल्या, “बाप्यांच्या पंगतीला मी बसू? लोकं काय म्हंतील?”

“कोन लोकं हायेत हितं?” आबा गरजले. “ह्यो करमाळा?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी काही हरकत नाही, असं मी कळवलं.

काय ती पहिली पंगत! मधोमध भाकऱ्यांची दुरडी, दुधीची भाजी, वरण, आंबेमोहोराचा भात, काकडीच्या फोडी. भोवती आम्ही सगळे, परीक्षेला बसल्यासारखे. दिशा हळूच पलंगाखालून आली, कारण मागं लागायला कुणीच आलं नाही. बसली. भाकरीचा पापुद्रा सोलला. खाल्ला! दुधीत बोट घातलं. हुंगलं. बोट फ्रॉकला पुसलं. “झालं,” म्हणाली आणि उठली.

आबांनी तोंड बंद राहावं म्हणून त्यात अर्धी भाकरी कोंबली होती. डोळे बाहेर आले, मान लाल झाली, पण शब्द नाही. एकदाचा घास गिळला आणि साठलेला सगळा आग्रह घेऊन ते माझ्याकडं वळले. “करमाळा! भात घे! घे म्हंतो ना!”

त्यानंतर दिशाच्या वाटचं मी खात होतो. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली.

पण एक झालं. दिशा आपणहून बसायला लागली. कधी नुसता भात, कधी काकडी, कधी काहीच नाही. तिच्यामागं कुणी पळत नसल्यामुळं शुभांगीही बसायची. एकदा तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वाफ निघाली, आणि ती बघतच राहिली. “आई, लग्न झाल्यापासनं गरम भाकरी पहिल्यांदा खातीये मी.” तुळजाबाई म्हणाल्या, “तुझं लग्न परवाचं गं. माझं इचार.”

मग आली शेवग्याच्या शेंगांची रात्र. मुठा गावाहून, माहेरून, शुभांगीच्या भावानं भारा आणून टाकला होता. आम्ही सगळे शेंगा चोखत होतो. दिशा आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं बघत होती. तिनं एक शेंग उचलली. दातात धरली. ओढली!

“खाल्ली!” आबा पाटावरून अर्धे उठले. “आगं खाल्ली! शाब्बास माझी वाघीन! घे आजून येक! ही घे! हीबी घे!” तिच्या ताटलीत शेंगांचा ढीग झाला.

वाघीण पलंगाखाली.

“आबा!” शुभांगी एवढंच म्हणाली. आबा ताटावरून उठले आणि ओसरीत जाऊन बसले. कुत्र्यालासुद्धा ‘खा’ म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शीतलताईंपुढं त्यांनी बाजू मांडली, “मी कुटं रागावलो? कवतिकच क्येलं की!”

“तुम्ही शेंग खाल्ली की आम्ही शिट्ट्या मारतो का, आबा?”

आबा विचारात पडले. मारल्या असत्या तर त्यांना आवडलंच असतं, असं माझं मत. पण त्यांना काहीतरी समजलं खरं. पुन्हा पापुद्र्यापासून सुरुवात झाली, आणि या वेळी आबा गप्प राहायचे ते तोंडात भाकरी न कोंबता.

भंडाऱ्याच्या आठवड्यात एका संध्याकाळी दिशा पंगतीतून एकदम उभी राहिली. फ्रॉकवर शुभांगीची ओढणी करकचून आवळली, भाजीचं छोटं पातेलं उचललं आणि आमच्यापुढून निघाली.

“घ्या वो पावणं! ह्ये काय जेवान झालं?”

तोच स्वर! तीच मान! रोहितला ठसका लागला. भाजी शेपूची होती. दिशानं मला वाढली, रोहितला वाढली, आजीला वाढली आणि आबांच्या ताटापाशी येऊन थांबली. आबांच्या ताटात पिठलं.

“आबांना येगळं का?”

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. “त्यांस्नी शेपू चालत न्हाई, बाळा. वास येतो म्हंत्यात.”

आधी एकटं जेवणाऱ्या माणसाच्या ताटात काय आहे, ते बघणार कोण? आज सगळ्यांनी बघितलं. ताईंनी ‘एकच जेवण’ सांगितलं होतं, पण तुळजाबाईंनी सवयीनं शेपूच्या दिवशी पिठलं हाटलं होतंच.

“थांबा, थांबा,” रोहितनं ताट पुढं सारलं. “लहानपणी मला मांडीखाली दाबून शेपू चारायचा तुमी! अन् तुमी सोता...?”

एव्हाना दिशानं पळी भरली होती. आणि आख्ख्या मुळशीला बुंदी खपवणाऱ्या त्या माणसानं आपल्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

आता ही पोरगी आमटी मागवणार!

दिशानं त्या हातांकडं बघितलं. मग पळी थोडी मागं घेतली. “नको तर नको,” ती म्हणाली. “थोडंसं ठिवू? नुस्तं हुंगून बघा.” हे बोलणं मात्र अंगणवाडीतलं, शीतलताईंचं.

आबांनी एक हात काढला. चिमूटभर शेपू पडली. त्यांनी हुंगली, नाक मुरडलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकली. दिशा त्यांच्या जबड्यासमोर उकिडवी बसली.

“कसं लागतंय?”

“वास लई हाय,” आबा खरं बोलले.

“गिळलं?”

“गिळलं.”

दिशा तिथंच, आबांना खेटून बसली. आपल्या ताटलीतली चिमूट उचलली. हुंगली. आबांसारखंच नाक मुरडलं. खाल्ली!

कुणी हूं की चूं केलं नाही. रोहितनं मात्र माझी मांडी अशी चिमटली की माझ्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. शुभांगी वरण ढवळत राहिली, ते कधीच ढवळून झालं होतं. आबा छताच्या पंख्याकडं बघत होते, जणू तिथं भजन चाललंय.

“वास लई हाय,” दिशा म्हणाली आणि भाकरीला लावून आणखी थोडी खाल्ली.

भंडाऱ्याच्या दिवशी देवळापुढं पंगत मांडली. बादली आणून दिली तर आबा म्हणाले, “यंदा मी बसनार.” गावात कुजबुज. “आबांस्नी बरं न्हाई का?” “साखर वाढली वाटतं.” आबा दिशाला घेऊन ओळीत मांडी घालून बसले. तिच्यापुढं तिची स्वतंत्र पत्रावळ. भात आला, आमटी आली, वांगं आलं. दिशानं भात कालवला.

आणि बुंदीची बादली खुळखुळली. चंद्रकांत, आबांचा पट्टशिष्य, तसाच बाह्या सारलेला. “आरं आबांची नात! घे गं बाय, पोटभर घे!” पळी काठोकाठ भरलेली. दिशाचा हात थांबला. नजर देवळाच्या फाटकाकडं गेली. गेल्या सालची जागाही हीच. आता उठते की काय!

दिशाच्या पत्रावळीवर आबांचा हात आडवा आला.

“तिला इचार आदी.”

“आबा,” चंद्रकांत हसला, “हात दिसला की काय करायचं, ते तुमीच शिकवलंय. आमटी आण रं हिकडं!”

“आण. वत माझ्या हातावर. पर तिला इचार.”

चंद्रकांतनं बादली खाली ठेवली आणि गुडघ्यावर बसला. “घेती का गं?”

दिशानं बराच विचार केला. “थोडी.”

थोडी पडली. ती आपल्या हातानं भात जेवली, वांग्याची एक फोड खाल्ली, बुंदी खाल्ली, थोडी बाजूला सारली. “झालं,” म्हणाली, पण उठली नाही. आबांच्या गुडघ्यावर रेलून त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिली.

आबांना एवढा आनंद मावणार कुठं? समोरच्या ओळीत मी बसलो होतो. चंद्रकांतची बादली त्यांनी बसल्या जागेवरून ओढली. “ए करमाळा! पत्रावळ रिकामी का?” मी दोन्ही हात आडवे धरले. उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं.

“आबा,” दिशा म्हणाली, “करमाळाकाकाला इचारा आदी.”

आबांची पळी हवेत राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

“करमाळा... घेतोस का?”

पट्ट्याचं शेवटचं भोक कधीच मागं पडलं होतं. पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी विचारत होतं. मी हात काढले. “थोडी,” म्हणालो, आणि आबांनी खरोखरच थोडी वाढली.