कुलूप सर

दाराला कुलूप लावलं की माणूस आपल्या वाटेने निघून जातो. आमचे सर निघायचे, धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, तिथून परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. मग स्वतःशीच हसायचे. आम्ही त्यांना कुलूप सर म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं. "खुशाल म्हणा, पण जाताना खिडकी लावून जा," एवढंच त्यांचं म्हणणं.

वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. फाटकावर पास दाखवल्याशिवाय साहेबालाही आत सोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नव्वदनंतर धुळ्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, ते सगळे कॉम्प्युटर चालवायला शिकवायचे. सर सांभाळायला शिकवायचे. बाहेरून आणलेली फ्लॉपी दारातल्या मशीनवर व्हायरससाठी तपासल्याशिवाय आत नेलेली त्यांना खपत नसे. "घरात येताना पाय धुता ना? मग हिचेही धुवा!"

जळगावच्या एका सहकारी बँकेत सरांच्या सहीचं सर्टिफिकेट नसेल तर कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरी मिळत नसे. मला ते हवंच होतं. साक्रीकडच्या आमच्या गावात आबा, म्हणजे माझे वडील, माझं लग्न ठरवायला बसलेच होते. आईने भांडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की सर्टिफिकेट मिळालं तर पोरीला नोकरी, नाही तर पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येणार. तो मुलगा मी एका लग्नात पाहिला होता. आपल्या मोटारसायकलशिवाय दुसऱ्या कशावर बोलायचाच नाही मेला!

लेखी पेपर सोपा गेला. राहिलं प्रॅक्टिकल. सरांच्या प्रॅक्टिकलला भलीभली हुशार पोरं नापास व्हायची, आणि का झाली ते काही केल्या सांगायची नाहीत. सरांनी मला मशीनपुढे बसवलं, नवा पासवर्ड ठेवायला लावला आणि म्हणाले, "हा तुझा. मलासुद्धा सांगायचा नाही." एवढं बोलून बाहेर गेले. पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही.

दार उघडलं आणि आत आले ते आबा! मला घरी न्यायला म्हणून आले होते. टोपी सारखी करत आमच्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, तुना तो पासवर्ड काय शे? सरले पाहिजे शे, कागद तयार कराले."

शब्द अगदी ओठावर आला होता. आमच्याकडे बापाने विचारलं की पोरीने सांगायचं, त्यात विचार कसला करायचा? आणि नाही सांगितला तर कागद अडेल, म्हणजे पाहुणे आलेच. पण सर स्वतःच म्हणाले होते ना, मलासुद्धा नाही म्हणून?

"नई, आबा."

"काय नई?"

"कोनलेच नई. सरलेबी नई."

आबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी तुना बाप शे. माले बी नई सांगशी?"

मी नाही म्हणून मान हलवली. जन्मात पहिल्यांदाच.

"चाल मंग घर," आबा म्हणाले. "व्हयनं तुनं शिक्षण."

मी रडत होते, पण खुर्ची सोडली नाही. तेवढ्यात सर आत आले आणि आबांपुढे हात जोडून उभे राहिले. "माफ करा, आबा. परीक्षा हीच होती. ज्या माणसाला पोरं नाही म्हणू शकत नाहीत, त्यालाच मी आत पाठवतो. उद्या बँकेत कोणीतरी तुमचं नाव घेऊनच विचारायला येईल."

आबा कसले विरघळताहेत! "बाप-लेकमा भांडन लावतस का?" म्हणून सरांवर असे काही कडाडले की शेजारचा शिंपी धावत आला. एसटीत साक्रीपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. गावात मात्र कोणीतरी निकाल विचारला, तेव्हा म्हणाले, "पास व्हयनी. बापलेबी नई सांगं तिनी." पाहुणे काही आले नाहीत.

नोकरी लागली, पण सरांनी पाठ सोडली नाही. "सर्टिफिकेट भाकरीसारखं, शिळं होतं," म्हणायचे आणि अधूनमधून बँकेत फोन करायचे. "मी सर बोलतोय गं. फार अडलंय, तुझा पासवर्ड सांग." मी नाही म्हटलं की "अजून ताजं आहे," म्हणून फोन ठेवून द्यायचे. कशी आहेस नाही, काही नाही! असा राग यायचा! आणि बरेच दिवस फोन आला नाही की चैन पडायचं नाही.

शेवटची भेट धुळ्याच्या दवाखान्यात झाली. "आता कोणाशी बोलत नाहीत," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. मी सरांचा हात हातात घेऊन बसले. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "पासवर्ड काय गं तुझा?"

खरं सांगते, सांगून टाकावासा वाटला. चाललेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? काकूंनीही माझ्याकडे पाहिलं, सांग ना गं, अशा नजरेने.

"नाही सांगणार, सर."

सरांनी माझा हात जरासा ओढून बघितला, कुलूप ओढायचे तसा, आणि हसले.