खांदा नुसता दाखवायला

लोणावळ्याच्या जुन्या चर्चचं दार भिकाजीशिवाय कुणाला उघडत नाही, ही आवई मुळात भिकाजीनेच उठवलेली. चाळीस वर्षं झाली त्याला. गोरे साहेब केव्हाच गेले होते, प्रार्थना बंद पडल्या होत्या आणि आत रेशनच्या गव्हाचं गोदाम होतं. सागवानी दार पावसात फुगून बसायचं. भिकाजीला त्याची युक्ती सापडली. कडी वर उचलायची, गुडघा खालच्या फळीला टेकवायचा, की दार गपचूप उघडतं. पण गपचूप उघडणाऱ्या दाराला माणूस कशाला ठेवतील? म्हणून पठ्ठ्या खांदा लावून, दात-ओठ खात दार ढकलायचा. खांदा नुसता दाखवायला.

त्या खांद्यावर त्याला पाद्रीबाबाची मागची खोली राहायला मिळाली. पुढे रेशन गेलं, चिक्कीची खोकी आली. खोकी गेली, बॅडमिंटन आलं. मालक बदलले, दार आणि भिकाजी तेच. बायको त्याच खोलीत वारली, मुलगी मानसी तिथूनच तळेगावला नांदायला गेली. भिकाजीला मात्र लेकीकडे एक रात्र राहता आलं नाही. दार कोण उघडणार? बोलायची सोय नव्हती, स्वतःच करून ठेवलेलं.

आता तिथे अनघा मॅडमचा कॅफे आहे. वेदीच्या जागी कॉफीचं मशीन फुसफुसतं.

शनिवारी सकाळी जावयाचा, राजेंद्रचा फोन आला. "मानसीला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात आणलंय. सारखं तुमचं नाव घेतेय. लगेच निघा." आईविना पोर ती. दवाखान्यातून ती बाळाला घेऊन सव्वा महिना ह्याच खोलीत राहायला येणार होती. तेवढंच तिचं माहेर. त्याने मॅडमना दारापाशी नेलं.

"म्याडम, लय वर्सं खोटं बोललो. ह्यात काय बी न्हाई. कडी उचला, गुडगा लावा."

मॅडमनी तसं केलं. दार पहिल्याच झटक्याला उघडलं. भिकाजीला एकदम हलकं वाटलं.

"आता तुमाला जमतंय. मी जाऊन येतो लेकीकडं."

"आबा, मला जमून काय उपयोग?" मॅडम हसल्या. "लोक तुमचे व्हिडिओ बघून येतात. शनिवार-रविवार नाही सोडता येणार. सोमवारी जा ना. आज गेलात तर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल, आणि त्याला खोलीही द्यावी लागेल." मग त्यांनी दार ओढून घट्ट लावलं. "आणि हे गुडघ्याचं कुणाला सांगू नका हं."

पहिली गाडी आलीच. उतरलेल्यांनी मोबाइल वर धरले. भिकाजीने खांदा लावला, दात-ओठ खाल्ले. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. दार उघडलं, टाळ्या पडल्या.

"आबा, नीट आलं नाही. अजून एकदा, प्लीज?"

फोन वाजतच होता. भिकाजीने दार ओढून पुन्हा लावलं.