इंजिनातल्या अक्षता

खंडेनवमीला गाडी धुवायला काढली आणि वर्षभरात पहिल्यांदाच बॉनेट उघडलं. असा भपकारा आला की मी नाकाला रुमाल लावला. इंजिनाच्या कोपऱ्यात उंदराने घर केलं होतं. तेलात लडबडलेल्या चिंध्या, लेंड्या, आणि त्यात गेल्या खंडेनवमीला मीच वाहिलेल्या लाल अक्षतांचे उरलेसुरले दाणे. शिसारी आली. मी पाण्याचा पाइप उचलला, तोच शेजारचे रिक्षावाले दत्तूभाऊ ओरडले, “अहो, पाइप नको! वायरिंगमध्ये पाणी गेलं तर गाडी जागची हलायची नाही. बॅटरीची वायर सोडा आणि ओल्या फडक्याने पुसा.”

म्हणजे त्या घाणीत हात घालणं आलं. घातला. चिंध्या उपसताना वाटलं, उंदराला काय नावं ठेवायची? त्याला जेवायला मीच बोलावलं होतं. वर्षातून एकदा हात जोडायचे, तांदूळ टाकायचे आणि झाकण लावून मोकळं व्हायचं. आत काय कुजतंय ते बघायचं नाही. याला आपण पूजा म्हणतो!

साबणाने तीनदा हात धुतले, तरी वास जाईना. तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन आली नि म्हणाली, “बॉनेट उघडा हो, आतही चार अक्षता टाकते.”