मेंढीच्या चरबीतली किंगपिन

माझा मुलगा एल्दियार कोचकोर गावच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि उरलेला वेळ आजोबांच्या जुन्या वोल्गा मोटारीखाली पडलेला असतो. लहानपणीही तो मोडकं खेळणं टाकू द्यायचा नाही. हिवाळाभर खपून त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, सांध्यांतले झिजलेले बुश बदलले, गाडीला दुधी रंग दिला. नारिनहून स्वतःची नवरी आणायची ती याच गाडीतून, दोलोनचा घाट ओलांडून.

किंगपिनांना मात्र त्याने हात लावला नाही. पुढचं चाक ज्या जाड खिळीवर वळतं, ती किंगपिन. ग्रीस मिळत नसे त्या दिवसांत माझे सासरे तिथे मेंढीच्या शेपटीची चरबी भरत.

"आजोबांच्या हातचं आहे ते, अपा. राहू दे." आईला तो अपा म्हणतो.

निघायच्या आदल्या दिवशी जॅकवर चढवलेलं चाक मी सहज वर-खाली हलवलं. खट्. पुन्हा हलवलं. खट्.

"ऐकलंस?"

"म्हातारी झाली गाडी, सांधे वाजणारच. तुझे नाही वाजत?"

"माझा गुडघा निखळला तर मी अंगणात बसेन. हे चाक निखळलं तर तू दरीत जाशील."

"नवऱ्या मुलाला असं बोलतात होय!" शेजारचे शारशेनभाऊ कुंपणावरून हसले. "वहिनी, अख्खा जन्म चरबीवर चालली की ती."

"सपाटीवर चालली. घाटात मामंजींनी तिला कधी नेलीच नाही."

एल्दियारने पान्हे आवरायला घेतले. तेव्हा मी म्हणाले, "मग उद्या मी बाता देणार नाही."

थोरल्यांनी हात पसरून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी प्रवासाला निघत नाही. आणि या घरात आता थोरली मीच.

"सगळ्या पाहुण्यांसमोर नाही म्हणशील?"

"सगळ्यांसमोर."

मी हातोडा त्याच्यापुढे ठेवला.

शेवटी शारशेनभाऊंनीच स्वतःच्या वोल्गासाठी घरी ठेवलेल्या नव्या किंगपिना आणल्या. जुनी निघेना, चरबी दगडासारखी घट्ट झाली होती. निघाली तेव्हा मधोमध कुरतडलेल्या हाडासारखी दिसत होती. एल्दियारने ती बोटांत फिरवली. मग दुसऱ्या चाकाकडे वळला आणि हातोडा उचलला.

सकाळी मी बाता दिली. गाडी फाटकापुढच्या खड्ड्यातून गेली तेव्हा कान लावून ऐकलं. आवाज नव्हता. तरी दुपारी त्याचा फोन येईपर्यंत मी काही खाल्लं नाही.

"पोचलो, अपा. आता तरी जेव."

जेवणार कशी? परतताना त्या गाडीत दोघं असतील, आणि तिथे बाता देणार ते नवरीचे वडील.

"व्याह्यांना माझा निरोप दे," मी म्हणाले. "हात पसरण्याआधी चाक हलवून बघा म्हणावं."