लॉजीवाला साळा

माझ्या साळ्याइतका बिनकामाचा माणूस साऱ्या साकोली तालुक्यात दुसरा जन्मला नाही, आणि जन्मूही नये. तो सानगडीला इंग्रजीचा मास्तर होता, मी चौथीत शाळा सोडलेला; पण शहाणा कोण ते आमच्या बैलालाही कळायचं. मास्तरला धान लावता येत नाही, गाडी जुंपता येत नाही, चहा उकळताना भांड्याकडे पाहत राहावं हेही सुचत नाही. मग येतं काय? तर ज्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी 'लॉजी' आहे ते शब्द गोळा करता येतात. लोक ढोरं वळतात, हा शब्द वळायचा. बायोलॉजी, झूलॉजी, जिऑलॉजी. एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर, आणि सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात.

"भाऊजी, हे सगळे एकाच घरचे," तो मला समजवायचा. "शेवटची अक्षरं पाहा, तीच ती. ग्रीक लोकांकडून आली. लोगोस म्हणजे बोल, विचार."

"ग्रीक लोकं धान लावतात का गा?"

"ते काही मले माहीत नाही."

"मंग मले काहून सांगून राहिला?"

एकदा त्याला भंडाऱ्याला बाजाराला पाठवला. हा दुपारभर एका दवाखान्याच्या पाटीसमोर उभा. कंपाउंडर बाहेर आला, म्हणाला, "काका, काय तरास आहे?" हा म्हणतो, "तरास नाही जी, पाटी चांगली आहे." बाजार राहिला, बस गेली, आणि घरी आला तो नवीन चिठ्ठी घेऊन, जसं वाघच मारून आणला. आमच्या विहिरीला खाली दगड लागला, आम्ही डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा हा काठावरून सांगतो, "भाऊजी, याचा अभ्यास म्हणजे जिऑलॉजी." त्याला विहिरीत ढकलायला माझे हात शिवशिवले. बायको आडवी आली म्हणून वाचला.

तिचंच सगळं लाडावणं. लहान भाऊ ना! भाऊबीजेला तो दर वर्षी यायचा, ती ओवाळायची, तो ताटात साडी ठेवायचा आणि साडीवर एक चिठ्ठी. त्या वर्षीचा शब्द. तिला वाचता कुठं येत होतं? तो वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा, ती तीनदा म्हणून पाठ करायची. मी ओसरीतून ओरडायचो, "अगं, खायचं आहे का ते?" ती म्हणायची, "तुम्ही चूप राहा जी, माह्या भावानं देल्लं आहे."

असे पस्तीस-छत्तीस शब्द तिच्याजवळ झाले. रोवणीला बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीनं वाकल्या की गाणं म्हणतात. ही हळूच आपली शब्दांची माळ ओढायची. पऱ्ह्याच्या रोपांची एक चूड चिखलात रोवली, एक शब्द. दुसरी चूड, दुसरा शब्द. भाऊबीजा जशा आल्या तशाच क्रमानं. सगळी माळ संपली की कमरेला हात लावून उभी राहायची आणि पुन्हा पहिल्यापासून. बाया हसायच्या. मीही हसायचो, आणि फार चांगलं हसायचो असं नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. नागपूरच्या दवाखान्यात आम्ही दोघं एका दाराबाहेर बसायचो. दारावर मोठी मराठी पाटी, आणि शेवटी तेच लॉजी. मी वाट पाहत होतो, आता हा सुरू होईल. पण मास्तर खाली फरशीकडे पाहत बसला. तिथं किती दिवस गेले, त्यानं एकदाही मान वर करून ती पाटी वाचली नाही. श्रावणात ती गेली. तेरवीनंतर मास्तर आमच्या एकोडीला फिरकला नाही.

इकडे माझं वेगळंच झालं. तिची माळ आठवायला बसलो तर सहा शब्दांच्या पुढं गाडी जाईना. तिचा आवाज कानात आहे, शब्द नाहीत. जन्मभर ज्याची टिंगल केली त्यालाच विचारावं लागणार होतं. आणि बहीण नाही, तर भाऊबीजेला तो येणार तरी कशाला?

आला. सकाळीच आला, हातात डबा. पाट नाही, ताट नाही. दोघं ओसरीत बसलो. म्हणाला, "भाऊजी, हा डबा बोडीच्या पाण्यात टाकून देतो. मीच तिच्या ताटात तो शब्द ठेवला होता."

"कोणता?"

"नागपूरच्या दवाखान्याच्या पाटीवरचा. बारा वर्सं झाली. मीच देल्ला."

"अबे येड्या," मी म्हणालो, "शब्दानं कोणाची किडनी जाते का? एवढं शिकून हेच शिकला?" मग त्याच्याजवळ सरकलो. "डबा ठेव इथं. मले तिची माळ सांग. पहिल्यापासून."

त्यानं डबा खाली ठेवला. मग सुरू झाला. बायोलॉजी. झूलॉजी. जिऑलॉजी. चिठ्ठी न पाहता, क्रमानं. मी नकळत ओसरीत वाकून बसलो होतो, दर शब्दाला बोटं जमिनीला लागत होती. वीस-बावीस झाले आणि मास्तर थांबला. नजर खाली गेली, दवाखान्यात जात होती तशी.

त्या पाटीखाली मी इतके दिवस बसलो होतो. मला वाचून दाखवायला कोणी नको होतं.

"नेफ्रोलॉजी," मी म्हणालो. "हं. पुढचा सांग, मास्तर. बांधी अजून बाकी आहे."