त्यांचा क, आमचा क

"बाई, तोंड भिंतीकडे करा."

मी केलं. बत्तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, नाशिकच्या एका सरकारी कचेरीतली टायपिस्ट. शाळेत खोडी केलेल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पाठीमागं कॉम्प्युटरपुढं, माझ्याच खुर्चीत, कंपनीचा माणूस बसला होता. तो परवलीचा शब्द टाईप करणार होता आणि मला तो दिसता कामा नये, म्हणून ही भिंत. बसण्याआधी त्यानं खिशातला रुमाल काढून बटणं पुसली. दिवसभर माझी बोटं फिरायची, तीच बटणं.

"धूळ फार असते तुमच्याकडे," तो म्हणाला. मग हसत, "कोट्यातून आलात ना? तरी बरं शिकलात हो."

आमचे साहेब हसले. साहेब हसले म्हणून शिपाई हसला. मी भिंतीचा पोपडा बघत राहिले. आज सांगतानाही तोंड कडू होतं.

त्या मशीनमध्ये होतं काय? एक यादी. पेठकडच्या डोंगरातले पाडे धरणात गेले होते. त्या उठवलेल्या कुटुंबांची नावं. एकेक नाव मी टाईप केलेलं. कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी पेढे वाटले होते, आणि हातानं भरलेले मूळ फॉर्म गाठोडं बांधून जिन्याखाली फेकायला लावले होते. "सगळं मशीनमध्ये आहे, आता कागदांचा पसारा कशाला?" वर्षभरात कंपनीचा करार संपला आणि मशीन मुकं झालं. यादी छापायची म्हटली की परवलीचा शब्द मागायचं. शब्द कंपनीकडे. नवा करार होईपर्यंत कंपनीचा माणूस मेहेरबानी म्हणून कधीतरी यायचा आणि एखादं पान छापून द्यायचा. आमच्याच यादीचं! चोर तो चोर, वर शिरजोर.

यादीत नाव असल्याचा दाखला दाखवला तरच बदली जमीन मिळणार होती. त्या दाखल्यासाठी धर्माबाबा यायचे. पेठच्याही पुढच्या पाड्यावरचे म्हातारे. पहाटेची एसटी धरून यायचे आणि आमच्या व्हरांड्यात उकिडवे बसायचे. डोंगरातली माणसं कलेक्टरलाही 'तू' म्हणतात. मला ते फार आवडायचं.

"बाई, माजा नाव तुज्या पेटीत हाय ना?"

"आहे बाबा."

"मग काढ ना भायेर."

त्यांच्या गावचं पान कंपनीच्या माणसानं अजून छापून दिलंच नव्हतं. काय सांगणार? पेटीला कुलूप परक्याचं आहे, हे कसं सांगायचं?

साहेबांनी अक्कल लढवली. दुसऱ्या कंपनीचं मशीन आणलं. यादी उतरवून ठेवलेली जुनी फ्लॉपी मी त्यात घातली आणि धर्माबाबांच्या गावचं पान छापलं. कागदावर टक्क्याची चिन्हं, कंस, तुटकी इंग्रजी अक्षरं. नावाचा पत्ता नाही. नव्या कंपनीचा माणूस म्हणाला, "अहो ताई, असंच होणार. त्यांचा क वेगळा, आमचा क वेगळा. प्रत्येक अक्षराला कंपनी आपापला नंबर देते. तो तक्ता ते दाखवत नाहीत, आम्हीही दाखवत नाही."

"क वेगळा? बाराखडी काय तुमच्या कंपनीनं काढली?"

तो नुसता हसला. सगळे हसतच असायचे मेले.

साहेब म्हणाले, "शिक्का मारून तोच कागद द्या त्या म्हाताऱ्याला. नाहीतरी वाचता कुठं येतंय? रोजची कटकट जाईल."

आणि मी शिक्का मारला. हो, मीच. दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. धर्माबाबांनी कागद कपाळाला लावला, घडी करून मुंडाशात खोचला आणि गेले. त्या दिवशी माझी मलाच किळस आली.

आठवड्यानं परत आले. तलाठ्यानं चारचौघांत कागद मोठ्यानं वाचला होता. "टक्का, कंस, टक्का. हेच का रे तुझं नाव?" तेव्हापासून चावडीवर त्यांना 'टक्का' म्हणूनच हाक मारत होते. बाबा ओरडले नाहीत. कागद माझ्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "शिक्का तुजाच ना, बाई?"

मला माझी आई आठवली. आम्ही चांदवडकडच्या खेड्यातले. वडील भुसावळला कामाला होते. त्यांचं पत्र आलं की आई ते घेऊन पाटलाच्या दारात जायची. पाटील म्हणायचा, "आधी गोठा झाड." गोठा झाडून झाला की तो पत्र वाचायचा, मधेमधे स्वतःचं काहीबाही घुसडायचा आणि ओसरीवरची माणसं खिदळायची. वडील आजारी असल्याचं पत्र त्यानं आठ दिवस खिशात ठेवलं होतं. आई त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "पोरी, शिक. आपलं पत्र आपल्याला वाचता आलं पायजे. नायतर हे लोक आपल्याला असंच झाडायला लावत्यात."

शिकले की मी! कुठल्याही टायपिस्टच्या तोडीस तोड मराठी टाईप करत होते. आणि उभी कुठं होते? भिंतीकडे तोंड करून. मी टाईप केलेलं मलाच वाचू न देणारा हा नवा पाटील. फक्त ह्याच्या पायात बूट होते.

पुढच्या खेपेला जुन्या कंपनीचा माणूस आला. रुमाल काढला. "बाई, तोंड—"

"नाही वळणार."

"मग मशीन नाही उघडणार."

"नका उघडू. आणि माझ्या खुर्चीवरून उठा."

जिन्याखालचं गाठोडं ओढून काढलं. खालचे कागद ओलीनं चिकटले होते, काही वाळवीनं खाल्लेले. साहेब ओरडत होते. मी जुना टाईपरायटर पुसला, चार कार्बन लावले आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. कचेरीच्या वेळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. धर्माबाबांचा फॉर्म सापडला. अंगठा होता, नाव होतं. स्वच्छ मराठीत दाखला करून त्यांच्या हातात दिला.

जमीन मिळाली. पण तोवर पाटाचं पाणी मिळणारे तुकडे संपले होते. बाबांच्या वाट्याला मुरमाड उतार आला, नांगर टेकवला की खडखड वाजणारा. एका परवलीच्या शब्दापायी एका म्हाताऱ्याचं पाणी गेलं. जुन्या कंपनीला कुणी जाब विचारला नाही. उलट तिचाच नवा करार साहेबांच्या टेबलावर आला.

त्या कराराला एक कागद जोडलेला होता. 'यंत्र समाधानकारक चालते.' खाली चालवणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

"इथं सही करा," साहेब म्हणाले.

मी पेन घेतलं आणि छापील ओळ खोडून खाली लिहिलं: 'हे यंत्र लोकांची नावं अडवून ठेवतं. कुठल्या अक्षराला कुठला नंबर दिला, तो तक्ता कंपनीनं कचेरीला उघड लिहून द्यावा. तक्ता सगळ्या कंपन्यांचा एकच असावा. आमची यादी कुठल्याही मशीनवर उघडली पाहिजे. तोवर सही नाही.'

साहेबांनी वाचलं. कान लाल झाले. "टायपिस्टनं शेरे मारायचे नसतात, कळलं? बदली करीन तुमची. पार तिकडं डोंगरात, सुरगाण्याला."

म्हटलं, "करा. तिथंही मशीन येईलच. तिथंही हेच लिहीन."